निसिरोस : अग्नीच्या काठावरचे बेट

एजियन समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात, तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ, दोदेकानीस नावाचा द्वीपसमूह आहे. ग्रीक भाषेत 'दोदेका' म्हणजे बारा. प्रत्यक्षात लहानमोठी बेटे बारांहून अधिक असली तरी नाव मात्र तेच रूढ झाले. त्यांपैकी ऱ्होड्स आणि कोस ही बेटे मोठी, प्रवाशांनी गजबजलेली. कोसच्या दक्षिणेस बोटीने थोडे अंतर गेले की निसिरोस लागते. क्षेत्रफळ अवघे ४१ चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे एक हजार, गावे चार. मांद्राकी आणि पाली ही दोन समुद्राकाठी. एम्बोरिओस आणि निकिया ही दोन डोंगरमाथ्यावर, ज्वालामुखीच्या विशाल द्रोणाच्या कडेला टेकलेली.

उन्हाळ्याच्या सुटीत चार दिवस शांततेत जावेत, एवढ्याच हेतूने आम्ही हे बेट निवडले. ऑगस्टचा पहिला आठवडा होता. सकाळी कोसहून येणाऱ्या बोटी प्रवासी उतरवीत, ते बसने ज्वालामुखी पाहून येत आणि दुपार कलली की परत जात. मग पांढऱ्या घरांच्या गल्ल्यांतून केवळ गावकऱ्यांचे आवाज उरत. परंतु शांत दिसणाऱ्या या भूमीखाली अग्नी अद्याप विझलेला नाही, आणि तिच्यावरील माणसांचा इतिहासही वाटतो तितका शांत नाही. तो इतिहास आपल्या कुटुंबांनी जाणून घ्यावा असा आहे. कारण त्यात आपल्या ख्रिस्तसभेचीही काही पाने आहेत, आणि ती सगळीच उजळ नाहीत.

देवांचे युद्ध आणि जात्याचा दगड

प्राचीन ग्रीकांनी या बेटाच्या जन्माची एक कथा रचली होती. देव आणि राक्षस यांच्या युद्धात पॉलिबोटिस नावाचा राक्षस समुद्रातून पळत सुटला. समुद्रदेव पोसायडनने आपल्या त्रिशूळाने कोस बेटाचा एक लचका तोडला आणि त्याच्या अंगावर फेकला. तो लचका म्हणजे निसिरोस. त्याखाली गाडलेला राक्षस अजूनही कण्हतो आणि सुस्कारे टाकतो, म्हणून जमीन हादरते व वाफा निघतात, अशी लोकांची समजूत होती.

आजचे भूशास्त्र सांगते की, समुद्रतळाचा एक भाग दुसऱ्याखाली सरकल्यामुळे एजियनमध्ये ज्वालामुखींची एक कमानच निर्माण झाली आहे. सान्तोरिनी व मिलोस ही बेटे त्याच कमानीवर आहेत आणि तिचे पूर्वेकडील टोक म्हणजे निसिरोस. प्रचंड उद्रेकांनंतर डोंगराचा मध्यभाग खचला आणि सुमारे चार किलोमीटर रुंदीचा द्रोण तयार झाला. त्याच्या तळाशी स्टेफानोस नावाचे विवर आहे. त्याचा व्यास सुमारे तीनशे मीटर. आपण पायवाटेने थेट त्याच्या तळापर्यंत उतरू शकतो. पिवळ्या गंधकाच्या स्फटिकांनी वेढलेल्या छिद्रांतून उकळत्या पाण्याइतकी तप्त वाफ फुसफुसत असते आणि पायाखालची माती जोड्यांच्या तळव्यांतून चटका देते. १८७१ ते १८७३ या काळात येथे भूकंप व वाफेचे स्फोट झाले. १८८७ च्या सुमारास आणखी एक लहान विवर उघडले. त्यानंतर मोठा स्फोट झालेला नाही. मात्र १९९६-९७ मध्ये भूकंपांची मालिकाच सुरू झाली आणि मांद्राकीतील काही घरांना तडे गेले.

अशा ठिकाणी माणसे का राहिली, हा प्रश्न आमच्या मनात वारंवार येई. उत्तराचा काही भाग दगडातच आहे. रोमन काळातील भूगोलकार स्ट्रॅबो याने लिहून ठेवले आहे की, निसिरोसचा खडक जात्यांसाठी उत्तम असून आजूबाजूच्या लोकांना तेथूनच जाती मिळतात. महाराष्ट्राच्या काळ्या कातळाची जाती ज्यांच्या आज्यांनी ओढली, त्या आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ज्या अग्नीने भीती घातली, त्यानेच पीठ दळण्याचे साधन दिले. त्याच्याच राखेने माती सुपीक केली. उतारांवर दगडी बांध घालून लोकांनी शेकडो पायऱ्यांची शेते केली. त्यांत जव, द्राक्षे, अंजीर, ऑलिव्ह आणि बदाम पिकवले. पाण्याचे मात्र सदैव दुर्भिक्ष. पावसाचे पाणी टाक्यांत साठवून पिढ्यांनी तहान भागवली.

पाच फुटांचा हक्क

मांद्राकीच्या वरच्या अंगाला पालेओकास्त्रो, म्हणजे जुना किल्ला आहे. इ. स. पूर्व चौथ्या शतकातील ही तटबंदी काळ्या ज्वालामुखी दगडाच्या प्रचंड चिऱ्यांनी, चुन्यावाचून, अशी सांधली आहे की, तेवीसशे वर्षांच्या भूकंपांनाही ती पुरून उरली. दरवाजाजवळील चिऱ्यावर एक शिलालेख कोरलेला आहे. त्याचा आशय असा की, भिंतीपासून पाच फुटांपर्यंतची जागा सार्वजनिक आहे. म्हणजे कोणीही आपले घर, गोठा वा कुंपण तटाला भिडवू नये. संकटसमयी सर्वांना तटाजवळ धावता आले पाहिजे.

राजाच्या पराक्रमाचे वर्णन नाही, देवाची स्तुती नाही. साऱ्या गावाचा पाच फुटांचा हक्क तेवढा नोंदलेला. या शिलालेखाने आमच्या मनाची फार पकड घेतली. कारण या बेटाचे धनी सतत बदलत राहिले. हेरोडोटस सांगतो की, इ. स. पूर्व ४८० मध्ये सालामिसच्या युद्धात निसिरोसचे लोक हालिकार्नाससच्या आर्तेमिसिया राणीच्या आधिपत्याखाली, पर्शियन सम्राटाच्या बाजूने होते. पुढे अथेन्स, मग ऱ्होड्स, मग रोम, मग कॉन्स्टँटिनोपलचे ख्रिस्ती सम्राट. धनी दूरदेशी असत. तट मात्र बेटावरच्यांनाच राखावा लागे.

नाइट्सचे दोन चेहरे

इ. स. १२९१ मध्ये पवित्र भूमीतील आक्रा शहर पडले आणि संत जॉनच्या संघाचे नाइट्स सायप्रसमार्गे ऱ्होड्सला आले. १३१० पर्यंत त्यांनी ते बेट जिंकून तेथे आपले ठाणे वसवले. त्यानंतर थोड्याच वर्षांत निसिरोसही त्यांच्या ताब्यात आले आणि १३१६ मध्ये ते इटलीतील इस्किया बेटाच्या असान्ती घराण्यातील बंधूंना जहागीर म्हणून देण्यात आले. इस्किया हेही ज्वालामुखीचेच बेट. अग्नीच्या शेजाराची सवय असलेले धनी निसिरोसला मिळाले, हा योगायोगच म्हणावा लागेल.

या संघाचा जन्म जेरुसलेममधील आजारी यात्रेकरूंच्या सेवेतून झाला. रुग्णाला 'आपले धनी' मानून त्याची सेवा करण्याचे व्रत त्यांनी घेतले होते. ऱ्होड्समध्ये त्यांनी उभारलेले भव्य रुग्णालय १४८९ मध्ये पूर्ण झाले. त्या वास्तूत आज वस्तुसंग्रहालय आहे. हा त्यांचा एक चेहरा. दुसरा चेहरा तलवारीचा आणि जहागिरीचा. मांद्राकीच्या कड्यावर, तसेच एम्बोरिओस व निकिया येथे त्यांचे कोट उभे राहिले. चाच्यांपासून आणि उस्मानी आरमारापासून या कोटांनी संरक्षण दिले खरे; परंतु दगड वाहणारे, कर भरणारे आणि पहारा देणारे लोक स्थानिक ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते व हुकूम देणारे लॅटिन ख्रिस्ती. एकाच प्रभूची उपासना करणारे हे दोन समाज एकाच तटाआड राहूनही एका मेजाभोवती बसत नव्हते. १५२२ मध्ये सुलतान सुलेमानने ऱ्होड्सला वेढा घातला. सहा महिन्यांनी नाइट्सनी शरणागती पत्करली आणि १५२३ च्या आरंभी ते निघून गेले. पुढे माल्टा हे त्यांचे घर झाले.

गुहेतील माता

नाइट्स गेले, त्यांच्या कोटाच्या भिंतींमध्ये मात्र एक गुहा होती. त्या गुहेत इ. स. १६०० च्या सुमारास पानायिया स्पिलियानी, म्हणजे 'गुहेतील परमपवित्र माता' हिचा मठ स्थापन झाला. शंभराहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर खडकात कोरलेले छोटे चर्च लागते. दिव्यांच्या काजळीने काळवंडलेल्या छताखाली, कोरीव लाकडी पडद्यासमोर, पवित्र मरियेची प्रतिमा भाविकांनी वाहिलेल्या चांदीच्या अलंकारांनी झाकलेली दिसते. ही प्रतिमा गावात नेली की पुन्हा पुन्हा गुहेतच परत येई, अशी आख्यायिका आहे. राज्यकर्त्यांनी युद्धासाठी बांधलेला कोट अशा रीतीने लोकांच्या मातेचे घर झाला.

उस्मानी अमलात निसिरोस फारसे छळले गेले नाही. वर्षाला ठरावीक रक्कम भरायची आणि गावचा कारभार आपल्या वडीलधाऱ्यांकरवी चालवायचा, अशी सवलत या भागातील लहान बेटांना होती. भाषा, चर्च आणि शाळा टिकली.

१५ ऑगस्टला आपण पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण साजरा करतो, तर पौर्वात्य ख्रिस्तसभा त्याच दिवशी देवमातेच्या निद्रेचा. निसिरोसवर त्याआधी नऊ दिवस काही स्त्रिया व्रत घेतात. काळी वस्त्रे नेसून त्या मठात मुक्काम करतात, उपवास करतात, मठाची झाडलोट करतात आणि दररोज शेकडो दंडवत घालून प्रार्थना करतात. आपल्या नोव्हेनेशी या प्रथेचे साम्य पाहून आम्ही थबकलो. आमच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस ६ ऑगस्ट, प्रभूच्या रूपांतराचा सण होता. त्या सायंकाळी व्रतस्थ स्त्रिया हातात लहान गाठोडी घेऊन पायऱ्या चढत होत्या. त्यांच्या प्रार्थनेची भाषा आम्हांला कळत नव्हती, तरी हेतू कळत होता.

रोमच्या नावाने

विसाव्या शतकात हे बेट पुन्हा एका कॅथलिक राष्ट्राच्या हाती गेले. १९१२ मध्ये तुर्कस्तानशी झालेल्या युद्धात इटलीने दोदेकानीस बेटे घेतली. उस्मानी सत्तेपासून सुटका होऊन लवकरच ग्रीसमध्ये जाता येईल, या आशेने बेटकरांनी प्रथम त्यांचे स्वागत केले. पण १९२३ च्या लोझानच्या तहाने ती आशा मावळली. इटालियनांनी रस्ते व सरकारी इमारती बांधल्या, हे नाकारता येत नाही. परंतु मुसोलिनीच्या राजवटीत, विशेषतः १९३६ पासून गव्हर्नर दे वेक्की याच्या कारकिर्दीत, शाळांतून ग्रीक भाषेची हकालपट्टी करून इटालियन लादण्यात आली. येथील ऑर्थोडॉक्स चर्चला कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कपासून तोडण्याचेही प्रयत्न झाले. ऱ्होड्समधील नाइट्सचा राजवाडा पुन्हा बांधून, आपण जणू त्यांचेच वारस आहोत, असे दाखवण्याचा खटाटोप त्याच राजवटीने केला. सेवेच्या व्रतातून जन्मलेल्या संघाची स्मृती सत्तेच्या दाव्यासाठी वापरली गेली, ही खेदाची गोष्ट होय.

लोकांनी आपली भाषा घरात आणि देवळात जपली. दुसऱ्या महायुद्धात १९४३ नंतर जर्मन आले, १९४५ मध्ये ब्रिटिश आले आणि १९४७ च्या तहानुसार ही बेटे ग्रीसला मिळाली. विलीनीकरणाचा औपचारिक सोहळा ७ मार्च १९४८ रोजी झाला.

या इतिहासाला पुढे एक सांत्वनाचे पानही जोडले गेले. ७ डिसेंबर १९६५ रोजी पोप सहावे पॉल आणि पॅट्रिआर्क अथेनागोरास यांनी १०५४ चे परस्परांवरील बहिष्कार मागे घेतले. ४ मे २००१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल अथेन्सला गेले आणि कॅथलिकांनी ऑर्थोडॉक्स बांधवांविरुद्ध केलेल्या अपराधांबद्दल त्यांनी परमेश्वराकडे क्षमा मागितली. १२०४ मध्ये क्रुसेडच्या सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटले, त्याचाही त्यांनी स्पष्ट उल्लेख केला. निसिरोससारख्या बेटावर उभे राहिल्यावर त्या शब्दांची गरज किती होती, हे उमगते.

रिकामी घरे, राखलेले बेट

स्वातंत्र्य आले, परंतु माणसे निघून जाण्याचे थांबले नाही. शेतीवर पोट भरेना म्हणून तरुण अथेन्सला, अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कच्या अस्टोरिया वस्तीत निसिरोसच्या कुटुंबांची मोठी संख्या आहे. एम्बोरिओस गाव १९३३ च्या भूकंपानंतर जवळजवळ ओस पडले. त्याच्या वेशीजवळच्या कपारीतून आजही पृथ्वीची ऊन वाफ येते आणि आसपासच्या अनेक घरांना छप्पर नाही. पायऱ्यांच्या शेतांत आता बहुतांशी काटेरी झुडपे आणि गुरे. तरी १५ ऑगस्टला परदेशी गेलेली मुले-नातवंडे परततात, प्रतिमेची मिरवणूक निघते आणि बेट पुन्हा भरते.

१९८० च्या दशकात भूगर्भातील उष्णतेपासून वीज निर्माण करण्यासाठी द्रोणात खोल विहिरी खोदण्यात आल्या होत्या. गावकऱ्यांनी विरोध केला आणि ती योजना पुढे सरकली नाही. विजेसारख्या उपयुक्त गोष्टीला नकार देणे शहाणपणाचे होते का, याबद्दल मतभेद असू शकतात. आम्हांला त्यात जुन्या शिलालेखाचा प्रतिध्वनी ऐकू आला. जे सर्वांचे आहे, त्याच्याविषयी सर्वांना विचारले पाहिजे, हा आग्रह या बेटावर नवा नाही.

साम्राज्ये आपापले झेंडे घेऊन आली आणि गेली. त्यांत पवित्र क्रूस मिरवणारी होती, तशी चंद्रकोर मिरवणारीही होती. मागे राहिले ते जात्याचा दगड, गुहेतील माता आणि भिंतीलगतची पाच फूट मोकळी जागा. धर्माचा आधार घेऊन तट उभारणे सोपे असते. तटाशेजारी शेजाऱ्यासाठी वाट मोकळी ठेवणे कठीण. आपल्या धर्मग्रामांत, आपल्या संस्थांत आणि आपल्या घरांतही ती पाच फूट जागा शिल्लक आहे ना, हे अधूनमधून मोजून पाहावे.