छोट्या इंजिनाचा दिवा

आगगाडीच्या इंजिनापुढील दिव्यास दोन कामें असतात: चालकास वाट दाखविणें आणि वाटेवरील माणसास सावध करणें. खेळण्यांतील इंजिनाच्या दिव्यास यांपैकीं एकही काम नसतें. तथापि त्या चिमुकल्या दिव्याचा इतिहास पाहूं गेल्यास त्यांत विज्ञानाचें एक शतक आणि एका उपेक्षित संशोधकाचें जीवित सांठविलेलें आढळतें.

१८९१ सालीं जर्मनींतील मार्क्लिन कारखान्यानें लाइपझिगच्या जत्रेंत रुळांसह किल्लीची आगगाडी मांडली. पुढें किल्लीची जागा विजेनें घेतली आणि इंजिनाच्या तोंडाशीं तंतूचा दिवा आला. परंतु चाकें फिरविणारी व दिवा पेटविणारी वीज एकाच रुळांतून येत असल्यामुळें गाडी मंदावली कीं दिवा मंदावे आणि गाडी स्थानकांत थांबली कीं तो विझून जाई. शिवाय तंतूच्या उष्णतेनें इंजिनाचें प्लास्टिकचें कवच कधीं कधीं वितळून वांकडें होई.

तंतू तापविल्यावांचून प्रकाश मिळूं शकतो, हें मात्र पूर्वींच दिसून आलेलें होतें. १९०७ सालीं हेन्री राउंड या इंग्रज अभियंत्यास कार्बोरंडमच्या स्फटिकांतून वीज सोडतां पिंवळट प्रकाश दिसला. पुढें रशियांत ओलेग लोसेव्ह या तरुण तंत्रज्ञानें त्याच चमत्काराचा पाठपुरावा केला. त्यानें चमकणाऱ्या स्फटिकावर बेंझिनचा थेंब ठेवला. तो फार सावकाश उडाला. यावरून हा प्रकाश तापण्याचा नव्हे, हें त्यानें ताडलें. १९४२ च्या जानेवारींत, लेनिनग्राडच्या वेढ्यांत, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षीं तो उपासमारीनें मरण पावला.

१९६२ सालीं अमेरिकेंत निक होलोनियाक यानें तांबड्या प्रकाशाचा एलईडी दिवा सिद्ध केला. इंजिनाच्या मागील दिव्यास तो शोभला. पुढील दिव्यास पांढरा प्रकाश हवा होता. १९९३ सालीं जपानांत शुजी नाकामुरा यानें प्रखर निळा दिवा जाहीर केला, आणि त्या निळ्यावर पिंवळा प्रकाश देणारा लेप चढवून १९९६ सालीं पांढरा दिवा बाजारांत आला. निळ्या दिव्याबद्दल नाकामुरा, आकासाकी व आमानो यांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

हा दिवा बसविण्याचें गणित शाळकरी मुलासही सुटेल. रुळांत १२ व्होल्ट असून दिव्यास ३ पुरतात. उरलेले ९ व्होल्ट अडविले नाहींत तर दिवा तत्क्षणीं जळतो. प्रवाह एका अँपियरच्या शंभराव्या भागाएवढा ठेवावयाचा, म्हणून ९०० ओहमचा रोध लागतो. व्यवहारांत १००० चा घालतात. हा दिवा वीज एकाच दिशेनें वाहूं देतो, म्हणून त्याच्या तारा उलट जोडल्यास तो लागत नाहीं. आतां अंकीय संदेशांनीं गाडी चालविण्याच्या पद्धतीमुळें रुळांत वीज सदैव असते, आणि थांबलेल्या इंजिनाचाही दिवा तेवत राहतो.

एक अडचण मात्र उरली होती. पहिल्या पांढऱ्या दिव्यांचा प्रकाश निळसर होता, आणि वाफेच्या जुन्या इंजिनावर तो विजोड दिसे; त्या इंजिनापुढें एके काळीं तेलाची ज्योत जळत असे. म्हणून आतां कोंवळ्या पिंवळसर छटेचे दिवे निवडतात. लोसेव्हनें ज्या प्रकाशाचें थंडपण सिद्ध केलें, त्यालाच आज ज्योतीची ऊब असल्याचा भास निर्माण करावा लागतो. ती छटा पाहून लहान मुलें हरखतात. तिच्यामागें भुकेनें विझलेलें एक आयुष्य आहे, हेंही त्यांना केव्हां तरी सांगितलें पाहिजे.