धावफलकाबाहेरचा इतिहास : यष्टिरक्षक ते प्रशिक्षक – चंद्रकांत पंडित यांच्या कारकिर्दीचा एक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय क्रिकेटचा इतिहास प्रामुख्याने धावफलकांच्या आधारे लिहिला गेला आहे. कोणी किती धावा केल्या, कोणी किती बळी घेतले, कोणत्या संघाने करंडक जिंकला, याची नोंद धावफलक चोख ठेवतो. मात्र त्यात प्रशिक्षकाच्या नावाला रकाना नसतो. परिणामी, संघ घडविणाऱ्या व्यक्तीचे कार्य आठवणी, मुलाखती आणि आख्यायिका यांच्यापुरते मर्यादित राहते. आख्यायिका वाचनीय असतात. परंतु इतिहासाचे साधन म्हणून त्या अपुऱ्या पडतात.

प्रस्तुत निबंधात चंद्रकांत सीताराम पंडित यांच्या खेळाडू ते प्रशिक्षक या प्रवासाचा मागोवा घेतला आहे. प्रशिक्षक म्हणून 3 वेगवेगळ्या संघांना मिळून 6 वेळा रणजी करंडक मिळवून देणारी ही कारकीर्द आहे. तथापि, विजेतेपदांची मोजदाद करणे हा येथील मुख्य हेतू नाही. प्रशिक्षकाचे योगदान नेमके कसे ओळखावे, आणि एका शहरात रुजलेली खेळाची परंपरा दुसऱ्या प्रदेशात नेऊन लावता येते काय, हे दोन प्रश्न या कारकिर्दीच्या निमित्ताने तपासावयाचे आहेत.

मावळ परिसराच्या दृष्टीनेही या विषयाला महत्त्व आहे. पंडित यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईने मिळविलेले 2015-16 चे विजेतेपद मावळ तालुक्यातील गहुंजे येथील मैदानावर साकार झाले होते.

खेळाडू म्हणून जडणघडण

पंडित यांचा जन्म 30 सप्टेंबर 1961 रोजी मुंबईत झाला. शिवाजी पार्कवर अनेक पिढ्या घडविणारे रमाकांत आचरेकर हे त्यांचे गुरू. आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा केवळ एक सामना खेळले होते. तरीही 1990 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार प्राप्त झाला. चांगला प्रशिक्षक होण्यासाठी मोठा खेळाडू असणे अनिवार्य नाही, याचे उदाहरण पंडित यांना घरच्या मैदानावरच पाहावयास मिळाले, असे म्हणता येईल.

1986 मध्ये इंग्लंडविरुद्ध लीड्स येथे पंडित यांनी कसोटी पदार्पण केले. परंतु त्या सामन्यात यष्ट्यांमागे किरण मोरे होते आणि पंडित फलंदाज म्हणून खेळले. 5 नोव्हेंबर 1987 रोजी वानखेडे मैदानावर झालेल्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यातही हेच घडले. दिलीप वेंगसरकर आजारी असल्याने पंडित यांना संधी मिळाली. त्यांनी 24 धावा केल्या आणि भारत 35 धावांनी पराभूत झाला. 5 कसोटी आणि 36 एकदिवसीय सामने एवढ्यावर त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द 1992 मध्ये थांबली. याउलट, प्रथम श्रेणीत त्यांच्या नावावर 8,000 हून अधिक धावा आणि 22 शतके आहेत. या दोन नोंदींमधील अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. राष्ट्रीय संघाच्या उंबरठ्यावर राहिलेला, परंतु देशांतर्गत क्रिकेटची नस पूर्णपणे जाणणारा खेळाडू, असे त्यांचे स्थान दिसते.

यष्टिरक्षकाच्या भूमिकेचाही येथे विचार करावयास हवा. क्षेत्ररक्षण करणाऱ्या 11 जणांपैकी प्रत्येक चेंडूत गुंतलेला आणि गोलंदाज, फलंदाज व क्षेत्ररचना ही तिन्ही एकाच दृष्टिक्षेपात पाहणारा तोच एक असतो. ही सवय पुढे प्रशिक्षणात उपयोगी पडली असावी, हे अनुमान अवास्तव ठरू नये.

1999 : पराभवाचा वारसा

कारकिर्दीच्या उत्तरार्धात पंडित मध्य प्रदेशकडून खेळू लागले. मुंबईहून माळव्याकडे जाणारी ही वाट नवी नव्हती. संस्थानी काळात होळकर संघाने सी. के. नायडू यांच्यासारख्या खेळाडूंना इंदूरला आणून 1945-46 ते 1952-53 या काळात 4 वेळा रणजी करंडक जिंकला होता. होळकर संघ विसर्जित झाल्यानंतर मात्र हा वैभवकाळ ओसरला.

1998-99 च्या हंगामात पंडित यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेशने अंतिम फेरी गाठली. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाच्या 304 धावांना मध्य प्रदेशने 379 धावांनी उत्तर देऊन 75 धावांची आघाडी घेतली. रणजी स्पर्धेच्या नियमानुसार, सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडीवर विजेता ठरतो. म्हणजेच अखेरच्या दिवशी केवळ टिकून राहिले तरी करंडक मध्य प्रदेशचा होता. विजयासाठी 247 धावांचे लक्ष्य समोर असताना विजय भारद्वाज यांच्या फिरकीपुढे संघ 150 धावांत कोसळला आणि 96 धावांनी हरला.

हा पराभव कौशल्याच्या उणिवेचा नव्हता. 4 दिवस हा संघ कर्नाटकाच्या तोडीस तोड खेळला होता. कमी पडला तो शेवटच्या दिवशीचा संयम. पंडित यांनी पुढे प्रशिक्षक म्हणून शिस्त, तयारी आणि दडपणाखालील वर्तन यांवर जो भर दिला, त्याची संगती या दिवसाशी लावता येते.

प्रशिक्षक : मुंबई ते विदर्भ

2000 नंतर भारतीय क्रिकेटमध्ये प्रशिक्षण हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून आकारास येऊ लागला. त्याच वर्षी बंगळूरला राष्ट्रीय क्रिकेट अकादमी सुरू झाली आणि न्यूझीलंडचे जॉन राइट हे भारतीय संघाचे पहिले परदेशी प्रशिक्षक झाले. 2002-03 पासून रणजी स्पर्धेची जुनी विभागवार रचना जाऊन एलिट व प्लेट असे गट आले. दुबळ्या संघांना वर चढण्याची आणि बलाढ्य संघांना खाली घसरण्याची शक्यता निर्माण झाली. त्यामुळे राज्य संघटनांना जाणकार प्रशिक्षकांची गरज भासू लागली. मैदानावरील ‘सर’ आता ठरावीक मुदतीच्या करारावर नेमला जाऊ लागला.

याच संधिकाळात पंडित मुंबईचे प्रशिक्षक झाले. 2002-03 आणि 2003-04 अशी सलग दोन वर्षे मुंबईने अंतिम सामन्यात तमिळनाडूला हरवून करंडक जिंकला. मधल्या काळात अन्य राज्य संघांसाठी काम करून ते पुन्हा मुंबईकडे आले. फेब्रुवारी 2016 मध्ये गहुंजे येथे सौराष्ट्राला 235 व 115 धावांत गुंडाळून आणि स्वतः 371 धावा करून मुंबईने 3 दिवसांत, एक डाव व 21 धावांनी विजय मिळविला. श्रेयस अय्यर यांचे शतक त्या सामन्यात निर्णायक ठरले. मुंबईचे हे 41 वे विजेतेपद होते.

पुढील हंगामात मुंबई पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली, पण गुजरातकडून पराभूत झाली. 2017 मध्ये मुंबईच्या प्रशिक्षकपदी आचरेकरांचेच दुसरे शिष्य समीर दिघे यांची नेमणूक झाली. ज्या संघाची परंपराच विजेतेपदाची आहे, तेथे उपविजेतेपद हे अपयश मानले जाते, ही गोष्ट या घटनाक्रमातून अधोरेखित होते.

त्यानंतर पंडित विदर्भाकडे गेले. 1957-58 पासून रणजी खेळणाऱ्या या संघाने 6 दशकांत एकदाही करंडक जिंकला नव्हता. 2017-18 च्या उपांत्य सामन्यात कोलकात्याला विदर्भाने कर्नाटकावर अवघ्या 5 धावांनी मात केली. इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानी यांची हॅट्‌ट्रिक आणि अक्षय वाडकर यांचे शतक यांच्या बळावर दिल्लीचा 9 गडी राखून पराभव केला. 2018-19 मध्ये नागपूरला सौराष्ट्रावर 78 धावांनी विजय मिळवून विदर्भाने विजेतेपद राखले. दोन्ही वर्षी इराणी करंडकही जिंकला.

या यशाचे संपूर्ण श्रेय एका व्यक्तीस देणे इतिहासाच्या शिस्तीत बसणारे नाही. फैज फजल यांचे नेतृत्व, आदित्य सरवटे यांची फिरकी आणि वयाच्या चाळिशीत 2018-19 च्या हंगामात 1,000 हून अधिक धावा करणारे वसीम जाफर यांचा वाटा मोठा होता. जाफर हेही मुंबईचेच, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. खेळपट्टीवर ठाण मांडायचे, विकेट फुकट द्यायची नाही, समोरच्यास सहजासहजी काही मिळू द्यायचे नाही, या वृत्तीला मुंबईच्या मैदानी बोलीत ‘खडूस’ म्हणतात. मुंबईचे हे दोघे नागपुरात तोच धडा गिरवून घेत होते.

2022 : चक्राची पूर्तता

2020 मध्ये पंडित मध्य प्रदेशचे प्रशिक्षक झाले. जून 2022 मध्ये त्याच चिन्नास्वामी मैदानावर अंतिम सामना झाला आणि समोर होती त्यांची मुंबई. मुंबईच्या 374 धावांना मध्य प्रदेशने यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांच्या शतकांच्या आधारे 536 धावांनी उत्तर दिले. या वेळी आघाडी 162 धावांची होती. मुंबईचा दुसरा डाव 269 धावांत आटोपला आणि मध्य प्रदेशने 108 धावांचे लक्ष्य 6 गडी राखून गाठले. मध्य प्रदेश या नावाने मिळविलेला हा पहिला रणजी करंडक. 23 वर्षांपूर्वी जेथे कर्णधार म्हणून हार पत्करली, तेथेच प्रशिक्षक म्हणून पंडित यांना अश्रू आवरले नाहीत.

या सामन्याचा अर्थ वैयक्तिक समाधानापुरता मर्यादित नाही. मुंबईची वृत्ती मुंबईविरुद्धच यशस्वी ठरली, यावरून ती एखाद्या शहराच्या मातीचा गुण नसून शिकविता व शिकता येणारी सवय आहे, असे दिसून येते.

शिस्तीच्या मर्यादा

पंडित यांच्या पद्धतीची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. ऑगस्ट 2022 मध्ये ते कोलकाता नाइट रायडर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. 2024 मध्ये या संघाने आयपीएल जिंकली. मात्र त्या यशाच्या चर्चेत मार्गदर्शक गौतम गंभीर यांचे नाव अग्रभागी राहिले. कडक शिस्त काही परदेशी खेळाडूंना रुचली नसल्याचे संघातील एका परदेशी खेळाडूने जाहीरपणे सांगितले. 2025 मध्ये संघ आठव्या स्थानी राहिला आणि जुलैमध्ये पंडित पदावरून दूर झाले.

रणजी संघातील तरुण खेळाडू वर्षभर एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली असतो. आयपीएलमधील खेळाडू मात्र दोन महिन्यांसाठी येतो, आणि येताना आपली पद्धत सोबत आणतो. एके ठिकाणी जी शिस्त घडवणूक ठरते, तीच दुसरीकडे जाच वाटू शकते. प्रशिक्षणाचे तंत्र संदर्भनिरपेक्ष नसते, हेच यातून सिद्ध होते.

समारोप

प्रशिक्षकाचे योगदान कसे मोजावे, या प्रारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या कार्यकाळातील करंडकांत पूर्णतः सापडत नाही. ते त्याच्या पश्चात संघ काय करतो, यात अधिक स्पष्टपणे सापडते. पंडित गेल्यानंतर विदर्भ 2023-24 मध्ये अंतिम फेरीत मुंबईकडून हरला आणि 2024-25 मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर तिसऱ्यांदा विजेता ठरला. पंडित नसतानाही विदर्भाला जिंकण्याची सवय राहिली. धावफलकात नाव नसलेल्या माणसाचा हा सर्वांत विश्वसनीय पुरावा मानावा लागेल.

महाराष्ट्र संघाच्या संदर्भात हा निष्कर्ष विचारप्रवृत्त करणारा आहे. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली 1939-40 आणि 1940-41 मध्ये मिळविलेल्या विजेतेपदांनंतर 2024-25 च्या हंगामापर्यंत महाराष्ट्राने करंडक जिंकला नव्हता. 1970-71, 1992-93 आणि 2013-14 असे तीनदा तो अंतिम फेरीत येऊन परतला. 2012 मध्ये गहुंजे येथे भव्य मैदान उभे राहिले. परंतु तेथे रणजी करंडक उंचावला तो घाट चढून आलेल्या मुंबईने. विदर्भ आणि मध्य प्रदेश यांचे उदाहरण पाहता, मैदान ही पूर्वअट असली तरी पुरेशी अट नव्हे. त्या मैदानावर रोज काय आणि कोणत्या आग्रहाने शिकविले जाते, यावर पुढचा इतिहास अवलंबून राहील.