पारो (व्यक्तिरेखा)

पारो ही ना. धों. महानोर यांच्या 'अजिंठा' (१९८४) या दीर्घकाव्याची नायिका होय. एकोणिसाव्या शतकात अजिंठा गावात राहिलेल्या याच नावाच्या स्त्रीवरून ही व्यक्तिरेखा घडवलेली आहे.

ऐतिहासिक आधार

मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठा लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक केली. हा प्रदेश तेव्हा निजामाच्या राज्यात होता. गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. अजिंठा परिसरातील वास्तव्यात त्यांचा पारोशी सहवास घडला. पारोची समाधी अजिंठा गावात असून, तिच्यावरील इंग्रजी लेखात गिल यांनी तिचा 'प्रिय' असा उल्लेख केला आहे व २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख दिली आहे. गिल यांचे निधन १८७९ मध्ये झाले. त्यांची कबर भुसावळ येथे आहे.

व्यक्तिरेखेची घडण

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये पात्रांचे 'सपाट' आणि 'गोलाकार' असे दोन प्रकार मांडले. वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करण्याचे सामर्थ्य ही गोलाकार पात्राची कसोटी त्यांनी मानली.

गिल यांच्याबाबत अंतर्विरोध नोंदींतच सापडतात. ते सैनिक होते आणि चिकाटीने काम करणारे चित्रकारही. करुणेचा संदेश देणाऱ्या जातककथांच्या चित्रांची प्रत करणारा हा माणूस वाघांच्या शिकारीसाठीही प्रसिद्ध होता. पारोवर प्रेम करणारे गिल विवाहित होते. पारोचे स्वतःचे शब्द मात्र उपलब्ध नाहीत. समाधीवरील लेखातून गिल यांचे दुःख कळते, तिचे मन कळत नाही. त्यामुळे तिची ओढ, भीती, अभिमान आणि गावाशी असलेले नाते हे सारे कल्पनेनेच उभे करावे लागते. ती केवळ चित्रकाराची प्रेरणा किंवा त्यागाची मूर्ती म्हणून रंगवली, तर पात्र सपाट होण्याचा धोका असतो. तिच्या निर्णयांना तिची स्वतःची कारणे दिली, तरच तिच्या व्यक्तिरेखेला खोली येते. मात्र अशी कारणे हा साहित्याचा भाग ठरतो. त्यांना इतिहासाचा पुरावा मानता येत नाही.

महानोरांचे पळसखेडे हे गाव अजिंठ्याच्याच परिसरात आहे.

चित्रपट

या काव्यावर आधारित 'अजिंठा' हा मराठी चित्रपट २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शन नितीन चंद्रकांत देसाई यांचे होते. पारोची भूमिका सोनाली कुलकर्णी यांनी, तर गिल यांची भूमिका फिलिप स्कॉट वॉलेस यांनी केली. कवितेत शब्दांनी सुचवलेल्या पारोला चित्रपटात निश्चित चेहरा मिळाला. त्यामुळे समाधीतील पारो, काव्यातील पारो आणि पडद्यावरील पारो यांचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक ठरते.