पोपटाची चोच आणि शिकवणाराचा हात

श्रोते हो, खडवलीकडच्या मंडळींना राव्यांची ओळख करून द्यायला नको. भातसेच्या काठाला भात पिवळे पडू लागले की थवेच्या थवे उतरतात आणि लोंब्या कातरून नेतात. पुढे थंडी सरता सरता जुन्या झाडांच्या ढोल्यांत त्यांची पिल्ले होतात, आणि पिंजऱ्यातला पोपट पुष्कळदा या ढोलीतूनच काढून आणलेला असतो. आणलेले पिल्लू चार दिवसांत बोट फोडते. मग घरातले कोणीतरी त्याच्या चोचीवर टिचकी मारते. "असे केल्याशिवाय ते शिकायचे नाही!"

ही टिचकी फार जुनी आहे, बरे का. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास इराणच्या बादशहाच्या दरबारी क्टेसियस नावाचा ग्रीक वैद्य होता. माणसासारखे बोलणाऱ्या हिंदुस्थानी पक्ष्याचे वर्णन त्याने लिहून ठेवले. पुढे हा पक्षी रोमला पोचला. तिथला प्लिनी, जो इ. स. ७९ मध्ये वारला, लिहितो की पोपटाचे डोके चोचीइतकेच टणक. म्हणून बोलायला शिकवताना त्याला लोखंडी कांबीने मारावे, एरवी त्याला मार लागतच नाही. वीतभर पक्षी आणि लोखंडी कांब!

आपल्याकडे पाहावे तर वात्स्यायनाने पोपट-मैनेला बोलायला शिकवणे चौसष्ट कलांत घातले आहे. नागरकाच्या दिनक्रमात या कामाची वेळ सांगितली आहे ती दुपारच्या जेवणानंतरची, म्हणजे निवांतपणाची. तिथे काठी नाही. अमरुशतकातला पोपट तर रात्रीचे नवराबायकोचे बोलणे सकाळी वडील माणसांपुढे म्हणू लागतो. बिचारी सून कानातले माणिक डाळिंबाचा दाणा म्हणून त्याच्या चोचीपुढे धरते. त्याचे तोंड बंद करायचे तेही खाऊ दाखवून, हे लक्षात घ्या. अर्थात आपल्याकडे पाखरांचे सगळे सुखच होते असे नव्हे. बाणभट्टाच्या 'कादंबरी'तला वैशंपायन पोपट आपल्या लहानपणाची जी हकीकत सांगतो, तीत एक म्हातारा शबर झाडावर चढून ढोलीतली पिल्ले माना मुरगळून खाली टाकतो.

पण चाव्याचे मर्म मला सापडते ते ज्ञानेश्वरीत. १२९० सालच्या या ग्रंथात सहाव्या अध्यायात शुकनलिकेचा दृष्टांत आहे. पारधी दोरीत नळी ओवून टांगून ठेवी. पोपट तिच्यावर बसला की त्याच्या भाराने नळी फिरे, पोपट उलटा लोंबे. पंख मोकळे, पाय मोकळे. तरी तो नळी सोडत नसे. उलट जास्तच घट्ट धरी. माउलींना सांगायचे आहे ते मनुष्याच्या बंधनाविषयी. आपण आज फक्त पक्षी पाहू.

पोपटाला चोच म्हणजे तिसरा पाय. चढताना तो आधी चोचीने फांदी धरतो, ती भार सोसेल का हे दाबून पाहतो, मग पाय टाकतो. पिल्लाला तुमचे बोट म्हणजे अशी एक फांदीच. त्याने चोच लावली की आपण दचकून हात ओढतो. फांदी हलली! पुढच्या वेळी ते अधिक जोराने धरणार, नळीवरच्या पोपटासारखे. म्हणजे चावायला आपणच शिकवतो, आणि वर टिचकी मारतो. टिचकीने त्याला एवढेच कळते की हात आला की दुखते.

तर करायचे काय? हात स्थिर ठेवावा. ओरडू नये, कलकलाट करणाऱ्या जातीला आपले ओरडणे गंमत वाटते. जोराने धरले तर मुकाट्याने दांडीवर उतरवून क्षणभर पाठ फिरवावी. हळू चोच लावली तर लगेच दाणा द्यावा. चावायला मऊ लाकूड, मक्याचे कणीस द्यावे. बाहुली लहानमोठी होऊ लागली, पिसे फुलली, की हात पुढे करू नये. आणि धडा दोनचार मिनिटांचाच असावा. आपले तासही कधी कधी फार लांबतात.

शिक्षक मित्रांनी रवींद्रनाथांची १९१८ सालची 'तोताकाहिनी' जरूर मिळवावी. त्यात राजाच्या पोपटाला शिकवायला पंडित, सोन्याचा पिंजरा, पोथ्यांचे ढीग, सारे येते. शेवटी पोपट मरतो आणि पोटात नुसते कागद सळसळतात. याच्या उलट ॲलेक्स नावाच्या आफ्रिकी करड्या पोपटाची गोष्ट. १९७७ पासून २००७ मध्ये तो मरेपर्यंत आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन विदुषीने त्याला शिकवले. त्याच्यासमोर एक माणूस विचारी, दुसरा उत्तर देई, आणि बरोबर उत्तराला तीच वस्तू बक्षीस मिळे. ते पाहून पोपट शिके. रंग, आकार, लहान आकडे त्याला सांगता येत.

एक मात्र स्पष्ट सांगतो. आपल्या रानातला रावा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला पकडणे, विकणे, पाळणे गुन्हा आहे. वर सांगितलेली रीत पिंजऱ्यातच पैदा होणाऱ्या परदेशी जातींसाठी, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियातून आलेला बजरीगार, ज्याला बाजारात उगाचच लव्हबर्ड म्हणतात. ढोलीतून पडलेले राव्याचे पिल्लू मुलांनी वर्गात आणले, तर जखम नसल्यास ते त्याच झाडाच्या ढोलीत परत ठेवावे. हात पोचत नसेल तर टोपलीत घालून ती उंच फांदीला बांधावी, आणि आपण लांब व्हावे. आईबाप जवळच ओरडत असतात. जखम असेल तर वनखात्याच्या माणसाला बोलवावे, आणि तो येईपर्यंत पिल्लू सावलीत, झाकलेल्या खोक्यात ठेवावे.