दोन रुपयांचा दवाखाना, दोन मिनिटांची भेट

जबलपूर शहराच्या वायव्येस सुमारे तीस किलोमीटरवर पाटन हे तहसिलीचे गाव आहे. (साताऱ्याच्या पाटणशी त्याची गल्लत होऊ नये.) हिरव्या वाटाण्यासाठी हा सारा टापू ओळखला जातो. आजार किरकोळ असला तर गावातच काहीतरी इलाज होतो. तसा नसला तर कागदावर ‘रेफर’ असा शेरा पडतो आणि रुग्णाला जबलपूर गाठावे लागते. तेथे जिल्हा रुग्णालय आहे, ज्याला लोक अजूनही ‘व्हिक्टोरिया’ म्हणतात. १९५५ साली स्थापन झालेले आणि आज नेताजी सुभाषचंद्र बोसांचे नाव धारण करणारे वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि खासगी दवाखान्यांची तर गणतीच नाही. कोणत्याही दारातून आत शिरला तरी रुग्णाची अपेक्षा एकच असते. डॉक्टरांनी आपले म्हणणे ऐकून घ्यावे, हात लावून तपासावे, काय झाले आहे ते समजेल अशा भाषेत सांगावे. ही अपेक्षा गेल्या शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. तिच्या पलीकडे बसलेला माणूस, त्याचे शिक्षण, त्याचा वेळ आणि त्याच्या डोक्यावरचा कायदा मात्र पार बदलून गेला.

या बदलाची सुरुवात नागपुरात शोधावी लागते. जबलपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात मोडत असे व नागपूर ही प्रांताची राजधानी होती. १९१४ साली तेथे रॉबर्टसन मेडिकल स्कूल सुरू झाले. या शाळेतून बाहेर पडणारे डॉक्टर पदवीधर नसत. ते ‘लायसेन्शिएट’, म्हणजे परवानाधारक असत. त्यांचा अभ्यासक्रम पदवीपेक्षा आखूड आणि खर्च कमी होता. तहसिलीच्या दवाखान्यांची भिस्त मोठ्या प्रमाणावर याच वर्गावर होती. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदणीकृत डॉक्टर होते ४७,५२४. त्यांपैकी पदवीधर १७,६५४ आणि लायसेन्शिएट २९,८७०. लोकसंख्येशी ताडून पाहिले तर सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर पडत होता.

भोर समितीने ठरवले की यापुढे देशात एकाच दर्जाचा, पूर्ण शिक्षण घेतलेला ‘बेसिक डॉक्टर’ घडवावा आणि लायसेन्शिएटचे शिक्षण बंद करावे. समितीच्या काही सदस्यांनी याला विरोध नोंदवला. डॉक्टरांची इतकी टंचाई असताना आहे तो मार्गही बंद करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. बहुमताचा युक्तिवादही तितकाच सरळ होता. खेड्यातल्या माणसाला कमी शिकलेला डॉक्टर का म्हणून द्यावा? नैतिक दृष्टीने या प्रश्नाला उत्तर नाही. व्यवहारात मात्र असे घडले की पूर्ण शिकलेला डॉक्टर खेड्यात गेला नाही आणि कमी शिकलेला घडणे थांबले. रिकाम्या जागेत कोणतीही वैद्यकीय पात्रता नसलेला माणूस येऊन बसला.

मध्य प्रदेशातून २००० साली वेगळ्या झालेल्या छत्तीसगडने हा निर्णय उलटवून पाहिला. तेथे २००१ मध्ये ग्रामीण सेवेसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध, न्यायालयीन वाद आणि पदविकेच्या नावावरून झालेले घोळ यांत तो २००८ पर्यंत गुंडाळला गेला. त्यातून बाहेर पडलेल्यांना ‘ग्रामीण वैद्यकीय साहाय्यक’ म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमण्यात आले. पुढे संशोधकांनी त्यांची परीक्षा घेतली, तेव्हा नेहमीच्या आजारांच्या बाबतीत त्यांचे ज्ञान एम.बी.बी.एस. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तोडीचे निघाले. अभ्यासक्रम तोवर बंद झालेला होता.

मध्य प्रदेशाच्या ग्रामीण भागात रुग्णाला प्रत्यक्षात काय मिळते, याचे मोजमाप जिष्णू दास, कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांची पद्धत विलक्षण होती. स्थानिक माणसांना रुग्णाची भूमिका शिकवून, पूर्वसूचना न देता दवाखान्यांत पाठवण्यात आले. एकाने छातीत कळ येते म्हणून सांगायचे, दुसऱ्याने दम लागतो म्हणून, तिसऱ्याने घरी असलेल्या मुलाला रक्ताचे जुलाब होतात म्हणून. समोरच्याने किती वेळ दिला, कोणते प्रश्न विचारले, काय तपासले आणि कोणते औषध दिले, याची नोंद हा ‘रुग्ण’ बाहेर पडल्यावर देत असे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरकारी दवाखान्यातील भेट सरासरी २.४ मिनिटांची भरली. खासगी ठिकाणी सुमारे दीड मिनिट अधिक मिळत होते आणि प्रश्नही अधिक विचारले जात होते. तेथे बसलेल्यांपैकी बहुतेकांकडे कोणतीही पात्रता नसतानाही. योग्य उपचार सुचवण्यात ते सरकारी केंद्रांच्या मागे नव्हते. याचे कारण त्यांचे ज्ञान हे नव्हते. ज्ञानात ते कमीच होते, पण त्यांनी कष्ट अधिक घेतले.

त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. काही डॉक्टर सकाळी सरकारी केंद्रात आणि उरलेल्या वेळी स्वतःच्या दवाखान्यात बसत. संशोधकांनी त्याच डॉक्टरांकडे दोन्ही ठिकाणी तीच तक्रार घेऊन रुग्ण पाठवले. खासगी दवाखान्यात त्याच डॉक्टरांनी अधिक वेळ दिला, अधिक तपासले आणि योग्य उपचार अधिक वेळा सुचवला. डॉक्टर चांगला की वाईट, हुशार की सुमार, हा नेहमीचा प्रश्न येथे अपुरा पडतो. माणूस तोच होता. टेबल बदलले होते.

वेळेची ही चणचण केवळ मध्य प्रदेशाची नाही. २०१७ मध्ये ६७ देशांतील आकडे एकत्र करून झालेल्या एका आढाव्यात प्राथमिक उपचाराच्या भेटीची सरासरी बांगलादेशात ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे निघाली. भारतात ती सुमारे दोन मिनिटे होती. दोन मिनिटांत नाव, गाव आणि तक्रार सांगून होते. वेदना कधीपासून आहे, रात्री वाढते का, घरात कोणाला होती का, हे प्रश्न राहून जातात. निदान बहुतेकदा त्याच प्रश्नांत दडलेले असते.

रुग्णाची अपेक्षा पुरी झाली नाही तर त्याने कोठे जावे? या प्रश्नाचा एक महत्त्वाचा आरंभ मराठी मुलखात झाला. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. स्थानिक डॉक्टरांनी फळ्या बांधून पाय स्थिर केला. तीन दिवसांनी सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्यास आणले गेले. तेथे हाड बसवल्यानंतर त्याच रात्री त्याचा मृत्यू झाला. वडील स्वतः डॉक्टर होते; पुढे जे ठरले ते त्यामुळेच शक्य झाले असावे, कारण काय केले गेले आणि काय करायला हवे होते हे विचारण्याइतके ज्ञान त्यांच्यापाशी होते. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, डॉक्टरांविरुद्धचा निर्णय कायम केला. भरपाई तीन हजार रुपये होती. त्या निकालाने घालून दिलेली चौकट आजही उद्धृत होते: रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार द्यावा आणि तो कसा द्यावा, या प्रत्येक टप्प्यावर डॉक्टरने वाजवी काळजी घेणे बंधनकारक आहे.

दिवाणी न्यायालयात पंधरा वर्षे घालवणे सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेरचे होते. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि १३ नोव्हेंबर १९९५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत आणली. या निकालाची चर्चा नेहमी ‘रुग्ण ग्राहक झाला’ या एका वाक्यात आटोपली जाते. त्यातला अपवाद मात्र क्वचितच सांगितला जातो. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ते रुग्णालय या कायद्याबाहेर राहिले. नोंदणीपुरते नाममात्र शुल्क घेतले तरी त्यात फरक पडत नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. त्याचा अर्थ असा की पाटनच्या शेतकऱ्याने जबलपूरच्या खासगी रुग्णालयात पैसे मोजले तर तो ग्राहक. मोफत सरकारी बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभा राहिला तर नाही. दिवाणी दाव्याचा जुना मार्ग त्यालाही मोकळा आहे, पण तो कसा आहे हे पालशेतच्या खटल्याने दाखवलेच होते.

निकालांचा परिणाम डॉक्टरांच्या वागण्यावर झाला. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात न्यायालयाने फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढळढळीत असावा लागतो असे सांगून डॉक्टरांना काहीसे संरक्षण दिले. २००८ च्या आणखी एका निकालाने रुग्णाच्या संमतीचे नियम काटेकोर केले. कागद वाढले, चाचण्या वाढल्या, आणि धोका पत्करण्यापेक्षा पुढे पाठवणे बरे, हा विचार बळावला. पाटनच्या कागदावरील ‘रेफर’ या शेऱ्यामागे सुविधांची उणीव असते हे खरे. त्यामागे हा इतिहासही असतो.

पुढे पाठवलेला रुग्ण शेवटी वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचतो आणि तेथे रात्री त्याच्यासमोर उभा असतो पंचवीस-सव्वीस वर्षांचा निवासी डॉक्टर. ज्याला तक्रारीची खिडकी नाही, त्या नातेवाइकाचा राग याच तरुणावर निघतो. मध्य प्रदेशाने डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी २००८ मध्ये कायदा केला, महाराष्ट्राने २०१० मध्ये. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली आणि राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. कामाच्या तासांची कथा तर आणखी बोलकी आहे. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निर्देशात निवासी डॉक्टरांना आठवड्याला साधारणतः ४८ तास काम असावे असे म्हटले होते. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती दलाने शिफारस केली की त्यांनी आठवड्याला ७४ तासांपेक्षा अधिक काम करू नये. बत्तीस वर्षांत कमाल मर्यादेची आकांक्षाच सव्वीस तासांनी वाढली. प्रत्यक्ष ड्यूटी किती लांबते, हे त्यावरूनच कळावे.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत हा ताण जबलपुरातच न्यायालयासमोर आला. मे २०२१ च्या अखेरीस मध्य प्रदेशातील कनिष्ठ डॉक्टर संपावर गेले. विद्यावेतनात वाढ आणि कोविड झाल्यास स्वतःवर व कुटुंबीयांवर मोफत उपचार, या त्यांच्या मागण्यांपैकी प्रमुख होत्या. ३ जून रोजी जबलपूरच्या उच्च न्यायालयाने संप बेकायदा ठरवून चोवीस तासांत कामावर परतण्याचा आदेश दिला. उत्तरादाखल सहा शासकीय महाविद्यालयांतील सुमारे तीन हजार डॉक्टरांनी राजीनामे दिले. काही दिवसांत तोडगा निघाला. साथीच्या ऐन भरात डॉक्टरांनी काम सोडावे का, यावर दोन मते असू शकतात. रुग्णांचे हाल झाले हे नाकारता येत नाही. परंतु इतरांवर कोविडचे उपचार करणाऱ्यांना स्वतःच्या उपचाराची हमी मागावी लागावी, ही गोष्ट संपाहून अधिक विचार करायला लावणारी आहे.

याच शहरात एक अगदी वेगळा दवाखाना पन्नासहून अधिक वर्षे चालला. डॉ. मुनीश्वर चंद्र डावर यांचा जन्म १९४६ मध्ये आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबात झाला. फाळणीनंतर कुटुंब भारतात आले. जबलपुरातून १९६७ मध्ये एम.बी.बी.एस. झाल्यावर त्यांनी १९७१ च्या युद्धकाळात सैन्यात सेवा केली आणि १९७२ पासून जबलपुरात रुग्ण तपासू लागले. शुल्क दोन रुपये होते. ते वाढत वाढत वीस रुपयांवर आले आणि तेथेच थांबले. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जुलै २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

डावरांच्या बातम्यांत शुल्काचा आकडा नेहमी मथळ्यात असे. तो थक्क करणारा होता, यात शंका नाही. पण त्यागाच्या अशा गौरवात एक अडचण आहे. लाखो रुपये भरून शिकलेल्या तरुणाकडे त्याच मापाने पाहिले की वीस रुपयांचा दवाखाना ही त्याच्याकडूनची किमान अपेक्षा ठरते, आणि शासनाने काय करायला हवे होते हा प्रश्न मागे पडतो. शिवाय शुल्काइतकीच मोलाची दुसरी बाब मथळ्यात येत नसे: तोच डॉक्टर, त्याच शहरात, अर्धशतकाहून अधिक काळ उपलब्ध होता.

या सातत्याचे मोल मोजता येते. नॉर्वेत २००१ पासून प्रत्येक नागरिकाच्या नावावर एक ठरलेला डॉक्टर असतो. तेथील सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासात, ज्यांचा आपल्या डॉक्टरशी पंधरा वर्षांहून अधिक संबंध होता, त्यांच्यात तातडीने रुग्णालयात दाखल होण्याची आणि मृत्यूची शक्यता, जेमतेम वर्षभराचा संबंध असलेल्यांच्या तुलनेत, पंचवीस ते तीस टक्क्यांनी कमी आढळली. असा अभ्यास कार्यकारणाचा अंतिम पुरावा ठरत नाही. संबंध जितका जुना तितका लाभ अधिक, ही चढती मांडणी मात्र दुर्लक्ष करण्याजोगी नाही. जुनी ओळख असलेल्या डॉक्टरला दोन मिनिटेही पुरू शकतात, कारण नाव, गाव आणि घरचा आजार त्याला आधीच ठाऊक असतो. पाटनहून रेफर होऊन आलेल्या रुग्णाला त्या दिवशी ज्याची ड्यूटी असेल तो डॉक्टर भेटतो, आणि पुढच्या खेपेला दुसरा.