१९२१ : वर्धा, झुरिक आणि आपली दुबळी बाजू

मित्रहो, मागं उभ्या असलेल्यांनी पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत. मालेगावात तत्त्वज्ञानावर बोलायचं म्हटलं की लोक दाराजवळची जागा धरतात, हे मला ठाऊक आहे.

८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्याला आले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये कार्ल युंग यांचा व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी आज मला त्या शेजारी शेजारी मांडायच्या आहेत.

आधी युंग. त्यांच्या मते माणूस चार वृत्तींनी जगाशी व्यवहार करतो : विचार, भावना, संवेदना आणि अंतःप्रज्ञा. इथं भावना म्हणजे रडणं नव्हे. आपल्याला कशाचं मोल वाटतं ते ठरवणं. संवेदना म्हणजे डोळ्यांसमोरचं, हाताला लागणारं जग. अंतःप्रज्ञा म्हणजे अजून न दिसलेलं हेरणं. यातली एक वृत्ती प्रत्येकात बळकट होते आणि तिच्या समोरची मागं राहते. विचार प्रबळ असेल तर भावना कच्ची राहते. अंतःप्रज्ञा प्रबळ असेल तर संवेदना. ही कच्ची वृत्ती मरत मात्र नाही. ती लहान मुलासारखी राहते. म्हणून तर मोठा तर्कशुद्ध माणूस चहात साखर कमी पडली म्हणून दिवसभर रुसून बसतो!

युंग स्वतः विचारांचे आणि अंतःप्रज्ञेचे. पण मन फार अस्वस्थ होतं त्या काळात ते सरोवराकाठी दगडांची इवली घरं मांडत बसत. पुढे १९२३ मध्ये बोलिंगेनला त्यांनी दगडी मनोरा बांधायला घेतला. दगड कसा फोडायचा हे ते कामगारांकडून शिकले. पुस्तकात जे पुरेसं उतरत नव्हतं, ते हातांनी करायला घेतलं.

आता आपल्याकडे या. विनोबांची बुद्धी गणिताची. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला निघालेला हा मुलगा वाट बदलून काशीला गेला. असा माणूस वर्ध्याच्या परिसरात येऊन काय करतो? तासन् तास कातायला बसतो, आणि कताईच्या मजुरीत पोट भरतं का हे स्वतःवर आजमावतो. पुढे पवनारहून सुरगावला चालत जाऊन तो गावाचा मैला साफ करतो. विनोबांचा हेतू व्यक्तिमत्त्वविकासाचा नव्हता, श्रमनिष्ठेचा होता, हे स्पष्ट सांगतो. युंगच्या चष्म्यातून पाहणारा मी आहे. पण त्या चष्म्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. कातताना विनोबांनी गणित टाकून दिलं नाही. किती वेळात किती सूत, त्याचे किती पैसे, हा हिशेब चालूच होता. बळकट वृत्तीचं बोट धरून त्यांनी कच्च्या वृत्तीला चालवलं.

माझ्या मते पद्धत हीच. थोरल्या भावाला घराबाहेर काढून धाकटा मोठा होत नाही.

हे मी उशिरा शिकलो. एकदा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. सोयाबीन गेलेलं, कर्ज वाढलेलं, आणि आठवड्यापूर्वी वडील गेलेले. मी त्याला मृत्यूविषयी ग्रीक तत्त्वज्ञ काय म्हणतात ते सांगितलं. मुद्देसूद सांगितलं. तो ‘हो सर’ म्हणाला, उठला, आणि पुन्हा कधी माझ्याकडे आला नाही. माझा युक्तिवाद बरोबर होता. माणूस मात्र माझ्या हातून निसटला.

त्यानंतर मी एक नेम धरला. ओळखीच्या घरी दुःख झालं की जायचं, बसायचं, आणि पहिली पंधरा मिनिटं उपदेशाचं एक वाक्य बोलायचं नाही. घड्याळ पाहत बसायचो, खोटं कशाला सांगू? हिशेबी माणूस, मिनिटं मोजूनच भावना शिकला. पहिल्या काही वेळा फार अवघडलो. हळूहळू घड्याळाकडं लक्ष जाईनासं झालं.

आता एक सावधगिरी. युंगच्या कल्पनेवरून पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी चाचणी तयार केली. तिच्यातून सोळा प्रकार निघतात. आजची मुलं मोबाइलवर ती सोडवतात आणि चार अक्षरं जन्मपत्रिकेसारखी मिरवतात. पुष्कळ माणसं दोन टोकांच्या मधेच असतात, आणि तीच चाचणी पुन्हा दिली तर प्रकार बदलूही शकतो. तेव्हा ‘माझा स्वभावच असा’ हे म्हणायला तिचा आधार घेऊ नका. आपल्यात काय कच्चं राहिलं ते शोधायला घ्या.

आणि ते कच्चं कधी पक्कं होईल, अशी घाई नको. विनोबा काही नावाजलेले विणकर झाले नाहीत, युंग गवंडी झाले नाहीत. मीही सांत्वनात तरबेज झालेलो नाही. पण परवा एका घरी गेलो, तासभर बसलो, आणि निघताना त्या माउली म्हणाल्या, ‘सर, पुन्हा या.’ मला एवढं पुरे.

आता प्रश्न विचारा. आज मी ऐकणार आहे.