लग्नाची कॅसेट

परवा मंगळवेढ्याला गेलो तर मावशीने कपाटातून तिच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट काढली. साल १९९२. "मोबाइलवर घेता येईल का रे? यात आजोबा चालता-बोलताना दिसतात." बघतो तर फितीवर पांढरी बुरशी!

थोडा इतिहास. सोनीचं बीटामॅक्स १९७५ चं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ चं. बीटामॅक्सचं चित्र जरा सरस, पण सुरुवातीला कॅसेटवर तासभरच मावायचं. व्हीएचएसवर दोन तास. अर्थात जिंकलं व्हीएचएस. पुढे १९९३ ची व्हीसीडी, मग १९९५ ची मिनीडीव्ही. हिचं चित्र झकास, पण तासाला साधारण १३ जीबी! त्यामुळे घरी यायची ती दाबून लहान केलेली सीडी. २०१६ मध्ये फुनाईनेही व्हीसीआर बनवणं थांबवलं, ती शेवटची कंपनी.

म्हणजे फॉरमॅट कुठलाही निवडा, तो मरणारच. टिकते ती वेळेवर काढलेली कॉपी. पेवातलं धान्यही अधूनमधून बघावं लागतं, हे ज्वारीच्या गावाला काय सांगायचं!

तेव्हा लग्नाळू मित्रांनो, मूळ फाइल मागून घ्या, दोन जागी ठेवा.

असो. कॅसेट साफ करायला दिलीये. आजोबा दिसले पाहिजेत, बास.